रानरेशमाचा टाका

३ मार्च
शाळेत मी आणि रेस्टी एकाच अभ्र्यावर दोन बाजूंनी फुलं भरायचो. मधोमध पोचलो की सुया एकमेकींच्या बोटांत टोचायच्या, सिस्टर ओरडायच्या आणि आम्ही खिदळायचो. आज मसाका गावच्या बसस्थानकावर तीच रेस्टी, आता डॉक्टर रेस्टिटुटा, फणस घेऊन उभी! अगं, तू तर पार आजी झालीस, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या घरी आरसा नाही वाटतं?

पोट फाडून बाळंत झालेल्या बायका पुढे जखम पिकून दगावतात, हे तिचं जुनं दुःख. म्हणून तिनं शोधलाय जंतू मारणारा धागा. झाडावर शेकडो अळ्या मिळून एकच घरटं विणतात, त्याचं हे रानरेशीम. शिवणाची मास्तरीण म्हणून मी ते पिळून टाक्यांसाठी बारीक सूत करायचं.

९ मार्च
मुद्दाम घाण लावलेल्या जखमा, तरी या धाग्यानं टाके घातलेल्या रेस्टीच्या प्रयोगाच्या बकऱ्यांना पू नाही! रेस्टीनं स्वतःच्या मांडीवरही टाके घालून पाहिलेत. आज माझा उजवा तळहात चिरला, तोही तिनं त्याच धाग्यानं शिवला. बकऱ्या राखणारा म्हातारा काग्वा म्हणाला, मास्तरीणबाई, आता तुम्हालाही पाला घालू का? वीस तारखेच्या सोमवारपासून बाळंतिणींना हाच धागा.

१४ मार्च
टाक्यांच्या बकऱ्या एकमेकींना चिकटूनच उभ्या असतात. रेस्टी जवळून गेली की माझा तळहात तिच्याकडे ओढला जातो. वय झालं तुझं, म्हणते.

१६ मार्च
सकाळी तीन बकऱ्या एकमेकींना शिवलेल्या. एकीचा कान दुसरीच्या पोटात. मधली जिवंत होती, किंचाळत होती. काग्वानं ओढलं तर कातडी सोलून हातात आली, धागा तुटला नाही. रेस्टी रडली. मग म्हणाली, पण बघ, पू नाही.

१८ मार्च
माझी बोटं एकमेकांना शिवली गेलीत. कात्री लावली. मांस निघालं, धागा हाडापासून सुटेना. सोमवारी बाळंतिणींना वापरू नकोस, म्हणून रेस्टीच्या पाया पडले. ऐकत नाही.

१९ मार्च
दुपारी रेस्टी आली. आली नाही, ओढली गेली. माझा तळहात तिच्या मांडीवरच्या टाक्यांना चिकटला. दोन्ही बाजूंनी टाके, मधोमध — अभ्र्यासारखे. ती ओरडत होती. मी काग्वाला म्हटलं, तोड. कोयता मनगटातून गेला. हात तिच्यापाशीच राहिला. पण धागा माझ्या खांद्यात पोचलाय. मी पुन्हा सरकतेय तिच्याकडे. ती आता गप्प —

डाव्या हातानं लिहितेय. शिवणयंत्र माझ्या भाचीला, नाकित्तोला. शाळेतल्या सिस्टरांनी दिलेलं शिवणाचं अंगुस्तान रेस्टीच्या लेकीला. जपमाळ काग्वा, तुला. रीळ कुणालाही नाही. टेबलावरचं जाळ. दुसरं रीळ रेस्टीनं कालच बाळंतिणींच्या वॉर्डात दिलंय —