कापूस घातलेली डबी

३ नोव्हेंबर
पांढरकवड्यात एकदाचं बस्तान बसलं! दवाखान्यात एचआयव्हीच्या पेशंटांची समुपदेशक म्हणून रुजू झाले. खोली विमलताईंकडे मिळाली. बिचाऱ्या एकट्याच असतात. ट्रक चालवणारा मुलगा अमर वारला, मागोमाग सून जयाही. ओसरीत वेचणीचा कापूस छताला टेकलाय. त्यात लोळावंसं वाटतं. भाकर-बेसन असं केलं होतं की मी लाजच सोडली. मलाही एचआयव्ही आहे, हे मात्र सांगितलं नाही. गोळ्यांची डबी खुळखुळू नये म्हणून ओसरीतलाच बोंडभर कापूस तिच्यात कोंबला. या गोळ्या घेणाऱ्या आम्ही बायका सगळ्याच असं करतो.

९ नोव्हेंबर
दिवसभर एकच पाढा: आजार मारत नाही, उशिरा येणं मारतं, गोळ्या सोडणं मारतं, टीबी अंगावर काढणं मारतं. दुपारी घरी आले तर कापसाच्या ढिगातून खुळखुळ. माझी डबी तर पर्समध्ये होती. उंदीर असेल.

१४ नोव्हेंबर
शेजारच्या मानीबाईंनी आज सांगितलं. एचआयव्हीच्या गोळ्यांवर जया चांगली सावरली होती. ती आणेल ती डबी ताई विहिरीत टाकत. शेवटी टीबीनं गेली. मानीबाई भांडल्या, तेव्हा ताई म्हणाल्या, "माह्या पोराले खाल्लं तिनं. तिले कायले जगू देऊ?"
आजार अमरनंच तिला दिला होता! या बाईच्या हातचं मी जेवते.

२ डिसेंबर
ताईंचा खोकला थांबेना. मीच तपासायला नेलं. टीबी. त्यांना वाचता येत नाही, म्हणून गोळ्या माझ्याकडे सोपवल्या. द्यायला उठले की ढिगातून खुळखुळ — जोरात, रागानं. खाली बसले की शांत. आज गोळी न देता बसूनच राहिले.

२० डिसेंबर
ताईंच्या गोळ्या संपल्यात. दिल्या नव्हत्या, तरी संपल्या — विहिरीच्या काठावर माझी चप्पल — मीच टाकल्या? ताई हात जोडून गोळी मागतात. मला जया म्हणतात. बरं वाटलं. लिहितेच, फार बरं वाटलं. पेरलं तेच उगवलं.

८ जानेवारी
ताई गेल्या. आता थांबेल वाटलं होतं —
थांबत नाही. माझी डबी उघडली. गोळ्या नाहीत. नुसता कापूस, ओला, विहिरीच्या पाण्याचा वास — ढीग हलतोय — बाईचा आवाज — म्हणते, सासूले तं काही समजत नव्हतं, मॅडम. तुले तं सारं मालूम होतं नं. मंग तू काहून —