तीनशे अकरा माणसांचं गाव

४ जानेवारी
पोचले एकदाची! सातव्या महिन्यात कुठे गावं मोजत फिरतेस म्हणून हे फुगून बसले होते, पण मी हट्ट केला की केला. गाव कसं लख्ख आहे. चौसष्ट घरं, सगळी रंगवलेली. एकही पडकं नाही, एकही नवं नाही. मी शिंप्याकडे उतरलेय. शिंप्याची बायको, वहिनी, मला उठून पाण्याचा तांब्यासुद्धा भरू देत नाहीत. त्यांचे सासरे, बाबा, भारी चेष्टेखोर. म्हणाले, माणसं मोजायला आलेली बाई स्वतःच दीड!

७ जानेवारी
जुनी दप्तरं काढली. चाळीस वर्षांपूर्वी लोकसंख्या तीनशे अकरा. पुढच्या प्रत्येक मोजणीत तीनशे अकरा. आधीच्या लोकांनी घरबसल्या आकडे ठोकून दिलेत, दुसरं काय! उत्पन्न मात्र दर खेपेला वाढलेलं. गावच्या कारभाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, खाणारी तोंडं वाढली नाहीत की कुणाचं ताट रिकामं राहत नाही. तेही खरंच म्हणा.

११ जानेवारी
मोजणी संपली. कारभाऱ्यांच्या ओसरीवर सगळ्यांसमोर आकडा वाचला, तीनशे बारा. कारभाऱ्यांनी घरोघरचे कागद चाळून शिंप्याच्या घरावर बोट ठेवलं. कारभारी म्हणाले, ज्या घरात वाढ, त्याच घराने जागा करायची. बाबा उठले आणि म्हणाले, मी करतो.

१२ जानेवारी
सकाळी बाबांनी धुतलेले कपडे घातले, पोटभर जेवले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. सगळं गाव त्यांना गावामागच्या रिकाम्या कोठारापर्यंत सोडायला गेलं. मला वाटलं, काही मानपान असेल. ते आत गेले आणि बाहेरून कुलूप घातलं!
दुपारी गठ्ठा चाळला. वहिनींना फॉर्म समजावताना नमुना म्हणून मी माझंच नाव त्यांच्या घरात लिहिलं होतं. तो कागद गठ्ठ्यात गेला. देवा, हे काय करून बसले मी! धावत गेले, ओरडले, चूक माझी आहे, दार उघडा. कारभारी म्हणाले, लिहिलं ते लिहिलं. आता तुम्ही आमच्याच.

१६ जानेवारी
कोठारातला आवाज थांबला.

१९ जानेवारी
गावातला एकुलता जीपवाला मला परत नेत नाही. म्हणतो, बाबा तुमच्यासाठी गेले, आता तुम्ही कशा जाणार? चालत निघाले तर बायका हाताला धरून परत आणतात. मायेने. नको मला ही माया.

३० जानेवारी
वहिनींनी आपले कपडे जावांना वाटून टाकले. बाळाची जागा त्या करणार म्हणे. मी पाय धरले. वेडी कुठली, म्हणाल्या.

६ फेब्रुवारी
सुईणीने पोटाला कान लावला. बराच वेळ. दोन आहेत.
एकाची जागा वहिनी करतील. दुसरं ठेवायचं नाही — ठरलंसुद्धा. मला कुणी विचारलं नाही.

८ फेब्रुवारी
पहाटेपासून कळा.
सुईणीला सांगितलं, दुसऱ्याची जागा मी करते. ती रडली. बरं म्हणाली.
भीती वाटते. फार वाटते. पण दोघंही राहतील —
अहो, ही वही मिळाली तर लगेच या. पोरांना इथे वाढू देऊ नका —
मुलगी. वहिनींनी घेतली.
दुसरा मुलगा. रडतोय, चांगला खणखणीत. राहिला माझा —
सुईण हात सोडत नाही. थांब म्हणते, अजून एक