सतरा नंबरच्या येझदीवर कोण बसणार?

कळंबा, कोल्हापूर
मंगळवार

तीर्थस्वरूप विजयसिंह दाजी आणि आमची अक्का, दोघांच्या पायांवर आकारामचे डोके. (तुमच्या उजव्या पायावर जरा हलकेच ठेवतो, नवा गुडघा अजून रुळतो आहे असे ऐकतो.) इकडे सगळे ठीक आहे. म्हशी ठीक, विमला ठीक, माझा गुडघा मात्र तुमच्या गुडघ्याच्या वाटेने निघाला आहे. निपाणीत थंडी कितपत? अक्काचा खोकला काय म्हणतो? पत्रास कारण म्हणाल तर काहीही नाही. कारण असते तर फोनच केला असता. पण तुमचा फोन अक्का उचलते, आणि अक्काच्या कानात गेलेले तासाभरात आमच्या विमलाच्या तोंडून बाहेर येते. तेव्हा निव्वळ मायेपोटी लिहितो आहे, एवढे धरून चालावे.

बातमी अशी की आपली सतरा नंबरची येझदी एकदम थोर झाली. पुण्यात काही शहाणी माणसे आहेत, ती चिखलात पळवायच्या जुन्या मोटरसायकलींच्या प्रेमात पडली आहेत. आपण ज्याला ‘माळावरची रेस’ म्हणायचो त्याला ती मोटोक्रॉस म्हणतात, आणि म्हणताना आवाज देवळात आल्यासारखा खाली घेतात. त्यांनी एक मंडळ काढले आहे. येत्या रविवारी आपल्याच कळंब्याच्या माळावर त्यांचा मेळावा आहे आणि त्याचे नाव ‘जुनी गाडी, जुना गडी’. गाडी त्या काळी होती तशीच हवी, आणि जो ती चालवत आला त्यानेच ती फिरवायची, असा नियम. दाजी, खोटे कशाला सांगू, हे वाचले आणि माझ्या छातीत इंजिन चालू झाल्यासारखे झाले. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मला कोणी कशाला बोलावलेले नाही. (लग्नांना बोलावतात, पण ते जेवायला.) मला त्या माळावर एक फेरी मारायची आहे. एकच. मी हे पिराजी पेंटरला सांगितले, तालमीत सांगितले, गावात ज्याने ‘काय आकारामराव’ म्हटले त्या प्रत्येकाला सांगितले.

या मंडळींची आवड मात्र न्यारी आहे. त्यांना चकचकीत काही चालत नाही. गंज दिसला की त्यांचे डोळे भरून येतात, फक्त तो मूळचा पाहिजे. फाटलेली सीट, वेल्डिंगचे ढेकूळ, वर उचलून बांधलेले सायलेन्सर, आखूड कापलेले मडगार्ड, हे सगळे ते नवसाच्या मूर्तीसारखे न्याहाळतात. आपल्या येझदीत ज्या दांडीने किक मारायची तीच दुमडून गिअरची दांडी होते, यावर त्यांच्यातला एक जण तासभर बोलू शकतो. हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. मी आपला साधा विचार केला. घरात मुलगी बघायला पावणे येणार असले तर आपण तिला शेणाच्या हाताने गोठ्यातून उठवून पुढे उभी करतो का? नाही ना. मग गाडी तरी का करावी? शुक्रवारी पावणे गाडी पाहायला येणार म्हणून बुधवारी ती टेंपोत घालून मी पिराजीकडे नेली.

पिराजीने जीव ओतला. टाकीचा पोचा आतून ठोकून असा काढला की बोट फिरवले तरी कळू नये. वर लालभडक रंग, रंगावर ‘आई अंबाबाई प्रसन्न’, सायलेन्सरला चांदी, आणि सगळ्यावर कडी म्हणजे मागच्या चाकाला साडीगार्ड. ते मी सांगितलेही नव्हते. काकू मागे बसत असतील म्हणून त्याने आपल्या मनाने लावले. (विमलाने घरी गाडी पाहिली, साडीगार्ड पाहिले, मला पाहिले आणि काही न बोलता म्हशीला पेंड घालायला गेली. ती बोलली नाही म्हणजे तिला आवडले असे मी धरले.)

शुक्रवारी पावणे आले. त्यांचा म्होरक्या मोहित नावाचा, चाळिशीतला, अंगाने काटक, बोलायला गोड. मी झूल काढावी तशी गाडीवरची चादर ओढली. मोहितने गाडी पाहिली, खिशातून एक जुना फोटो काढला, पुन्हा गाडी पाहिली, आणि काका, तो पोचा कुठे गेला, असे विचारले. मी छाती काढून म्हणालो, काढला की! तो माणूस जाऊन म्हशीच्या गव्हाणीवर बसला. चांगली पँट होती त्याची.

फोटो शहाऐंशीच्या रेसचा होता. आठवते ना? ओढ्याच्या वळणावर तुम्ही डावीकडून आत शिरलात, तुमचा उजवा गुडघा माझ्या टाकीवर बसला आणि दोघेही चिखलात गेलो. तुम्ही आधी उठलात म्हणून जिंकलात. (माझा धक्का लागला म्हणून तुम्ही उठलात, पण तो विषय मी तुमच्या लग्नाच्या वेळीच सोडून दिला.) तोच पोचा फोटोत पौर्णिमेच्या चंद्रासारखा दिसत होता, आणि त्याच पोच्यासाठी ही माणसे पुण्याहून आली होती. सतरा आकडा कुणीही रंगवील, ही तीच गाडी कशावरून, असा मोहितचा प्रश्न. प्रश्न रास्त होता, पण आमच्या गावाला प्रश्न कळला की उत्तर द्यायची घाई होते. पिराजी धावत आला, त्याच्या मागे तालीम आली. एकाने वरवंटा आणला, एकाने नारळ, एका पैलवानाने चप्पल काढून टाचेची तयारी दाखवली. पिराजी तर हट्टालाच पेटला. “पावणं, काढला तसा घालतो की! फोटो धरा हितं, मापात घालतो.” मोहित दोन्ही हात पसरून टाकीला मिठी मारून उभा राहिला. खरे तर तुमचाच गुडघा मागवला असता, पण तो डॉक्टरांकडे राहिला.

शेवटी, काका, निदान चालू तरी करून दाखवा, आवाज ऐकू, असे ठरले. आता मधल्या काळाचे तुम्हाला थोडे सांगायला हवे. रेस संपल्या, मी शाहूपुरीत कचेरीला लागलो, चिखलाच्या गाडीवरून साहेबापुढे जाणे शोभेना म्हणून मी स्कूटर घेतली. येझदी मळ्यात राहिली. उसाच्या चिखलातून दुधाच्या किटल्या डेअरीला न्यायच्या कामी ती वापरली जात होती. असो. मी धोतर सावरल्यासारखी पँट सावरली आणि किक मारली. गाडी अक्कासारखी खोकली. पुन्हा मारली, पुन्हा खोकली. आणखी एकदा मारली तेव्हा खोकला थांबला आणि माझ्या गुडघ्यातून आवाज आला. मोहितने मला धरून गव्हाणीवर बसवले, म्हणजे त्याच्याच जागेवर.

एवढ्यात विमला बाहेर आली. बुधवारपासून गाडी अडकल्याने तिला किटल्या रिक्षातून न्याव्या लागत होत्या, त्यामुळे तिचे डोके आधीच तापलेले. तिने पदर खोचला, गाडी जराशी कलती केली, कार्ब्युरेटरची टिकली दाबून पेट्रोल ओघळू दिले, कानोसा घेतल्यासारखी मान वाकडी केली आणि एक किक मारली. दाजी, एकच. सगळा गोठा निळ्या धुराने भरला. पिराजीचे साडीगार्ड तिने पान्याने सोडवून बाजूला टाकले आणि डाव्या पायाखालचा फूटरेस्ट मोहितला दाखवला. मूळचा मोडल्यावर आमच्या आबांच्या नांगराचा फाळ कापून आपण वेल्ड केला होता, तो. “फोटूत बघा की, ह्योच हाय. जल्म गेला ह्याच्यावर पाय ठेवून. पोच्याचं काय घेऊन बसलाय?” फोटोत बघितले. तोच होता. मोहितने विचारले, गाडी कोण चालवत आले? विमला म्हणाली, मी. हे स्कूटरवर जायचे. मग ती किटल्या अडकवून उसाच्या बांधावरून अशी गेली की पुण्याचे पावणे टाळ्या वाजवत मागे धावले. गाडी पसंत झाली. आणि ‘जुना गडी’ म्हणून रविवारी विमला बसणार, असेही ठरले. मला माळाच्या कडेला झेंडा धरून उभे राहायचा मान आहे.

मला याचे काही वाटत नाही, हे मुद्दाम लिहितो. झेंडा धरणे हेही जबाबदारीचे काम आहे.

अक्काला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला जपावे.

तुमचा मेव्हणा,
आकाराम

ता.क. आवळ्याचे लोणचे पाठवायला अक्काला सांगा.

ता.क. दुसरा. वर काहीही वाटत नाही असे लिहिले आहे, ते खोटे आहे. झोप लागत नाही. दाजी, शनिवारीच या. विमला तुमचा शब्द कधी मोडत नाही. जेवताना सहज विषय काढा आणि म्हणा, की आकारामला एक फेरी दे. मी सांगितले असे म्हणू नका. उगाच तिला वाटायचे, मी मागे लागलो.

ता.क. तिसरा. दाजी, नमस्कार. मी विमला लिवतोय. पाकीट चिकटवाय भाताची शितं मागितली तवाच वळखलं, कायतर शिजतंय. वाचलं समदं. शनवारी येवाच, वन्सास्नी बी आणा, मटान करतो. पर ह्यांच्यापायी माझ्याकडं शब्द टाकू नगासा. गाडीवर बसायचंय ह्ये ह्यांनी पिराजीला सांगितलं, तालमीला सांगितलं, तुमास्नी पानं भरून लिवलं. सैपाकघर काय निपाणीच्या पल्याड न्हाय, पर तितं येऊन मला एकदा बी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर शुक्रवारीच व्हय म्हटलं असतं. आजून रविवार उजाडाय येळ हाय. इचारलं तर दोन फेऱ्या देतो. किक मातूर मीच मारून देणार.