कोट धरला कुणासाठी?

प्रिय भिंगरी,

आईशी तू तासन्‌तास बोलतेस आणि मी फोन मागितला की तुला लगेच काहीतरी काम आठवतं, हे मला कळतं हो. बहिरा झालेलो नाही अजून. म्हणून हे पत्र. मला भांडायचं नाहीये. मला खरंच काही समजत नाहीये, आणि समजत नसेल तर माणसाने गप्प बसावं असं तुझी आई म्हणते. ती स्वतः कधी गप्प बसते ते मला दाखव.

त्या दिवशीचं जेवण काही डोक्यातून जात नाही. तुझं लग्न ठरलं म्हणून आपण चौघं हॉटेलात गेलो. जेवण यायच्या आधी तू नेहमीसारखं इन्सुलिनचं पेन काढलंस, सदऱ्याची कड वर केलीस, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईने वेटरला बोलावून घेतलं. तो बिचारा खाली वाकून तुला म्हणाला, की टॉयलेट मागच्या बाजूला आहे. माझं डोकं असं सणकलं! जेवायच्या आधी टोचायची सुई, ती काय संडासात जाऊन टोचायची? ती बाई जेवेल का तिथे? तिच्याच टेबलावर एक गृहस्थ तोंड वासून काडीने दात कोरत होते, त्यांना कुणी मागच्या बाजूला पाठवलं नाही. हे सगळं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तुझी शपथ. आणि मी उठून केलं काय, तर अंगातला कोट काढून तुझ्यापुढे आडवा धरला आणि मान फिरवली.

तू कोट बाजूला सारलास. सगळ्यांदेखत, सावकाश टोचून घेतलंस आणि मला म्हणालीस, बाबा, मी चोरी करत नाहीये. त्या बाईला एक शब्द नाही, मला मात्र हे. वर आणखी, लग्नाचा पोशाख मी तयार विकत घेईन, तुम्ही शिवू नका. तुझा तो चष्मिस आपला शांतपणे पाव तोडत बसला होता. म्हटलं, निदान हा तरी काही बोलेल, तर त्याने पावाची टोपली माझ्याकडे सरकवली. जावई म्हणून गुणी निघेल, पण त्या वेळी मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

अगं, दुकानातला तो कोपऱ्यातला पडदा कधीच पुरता लागत नाही, माहीत आहे ना तुला? गिऱ्हाईक कपडा घालून बघायला आत गेलं, की मी एखादं कापड आडवं धरतो आणि मान वळवतो. जन्म गेला त्यात. आता कुणी अंग उघडं करायला लागलं की हात आपोआप वर जातात, त्यात विचार कुठे आला? पण घरी येताना आईने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. म्हणाली, कोट धरलात तो लेकीसाठी, की त्या बाईसाठी? मी म्हटलं, लेकीसाठीच, हा काय प्रश्न झाला? आणि तेव्हापासून माझी मापं चुकतायत. त्या वकिलाची पँट एवढी आखूड झाली, की तो आता कोर्टात बसूनच बोलत असणार.

तुला हे दुखणं निघालं तेव्हा तू एवढीशी होतीस. नर्सने आम्हाला संत्र्यावर टोचायला शिकवलं. संत्र्याला मी झकास टोचलं. तुझ्या दंडापाशी आलो आणि सुई तुझ्या आईच्या हातात दिली. सुईवर पोट भरणारा माणूस मी! मग शाळेतल्या बाई तुला टोचून घ्यायला अडगळीच्या खोलीत पाठवू लागल्या. तिथे एकटीने जायची तुला भीती वाटायची, म्हणून तुझ्या गणवेशाच्या चुणीखाली मी सुई आत जाईल एवढी एक फट ठेवली. बाकावर बसल्या बसल्या काम, कुणाला पत्ता नाही. पत्ता कसला, तूच ती फट वर्गभर दाखवत फिरलीस, माझ्या बाबांनी केली म्हणून! त्यानंतर तुझ्या एकूण एक कपड्याला मी ती ठेवत आलो. त्या दिवशीच्या सदऱ्यालाही होती. तू ती वापरली नाहीस, हे मी पाहिलं. नकोशी कधी झाली गं? आणि सांगितलं का नाहीस? की सांगितलं होतंस आणि मी खडूने रेघा मारण्यात दंग होतो?

परवा ते रिटायर झालेले पोस्टमनकाका आले होते. त्यांनाही इन्सुलिन लागतं. पुतण्याकडे चारचौघांत सुई काढायची लाज वाटली, लोक गर्दुल्ला समजतील म्हणून टोचलंच नाही, आणि साखर अशी चढली की दवाखान्यात न्यावं लागलं. मी त्यांना फटीबद्दल सांगितलं, तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सगळ्या सदऱ्यांना करून द्या म्हणाले. आता बोल! ते म्हणाले तेव्हा त्यांचं पटलं, तू म्हणालीस ते आठवलं की तुझं पटतं. माझं आपलं अडकित्त्यात सापडल्यासारखं झालंय.

आता खरं काय ते सांगतो. या पत्राखाली, याच खोक्यात, तुझा लग्नाचा पोशाख आहे. शिवू नका म्हणालीस, पण राहवलं नाही. सगळा शिवला, आणि डाव्या बाजूच्या शिवणीपाशी येऊन मशीन थांबवलं. फट ठेवली तर तू म्हणशील, बाबा अजून कोट धरून उभे आहेत. बंद केली तर मला वाटतं, मी तुला त्या सगळ्यांच्या नजरांपुढे एकटीला सोडलं. म्हणून तिथे नुसता कच्चा टाका घातलाय, लाल दोऱ्याचा, चटकन दिसेल असा. ओढलास तर फट उघडेल. नको असेल तर घेऊन ये, तुझ्यासमोर पक्की शिवण घालून देतो. पोशाखच नको असेल तर... नाही बाई, ते माझ्याच्याने लिहवत नाही. अर्धवट कपडा आजवर मी कुणाला दिला नाही, तुला देतोय. येशील तेव्हा जेवायलाच ये. मी समोर बसेन, मान वळवणार नाही. फक्त तू टोचून घेशील तेव्हा मी माझे हात कुठे ठेवू, तेवढं मला सांग.

तुझाच,
बाबा