आई हलली नाही

थॉर्नबी हॉल, श्रॉपशायर
९ मे १८६३

प्रिय केझी,

हात पुसून बस आणि मग वाच. आई सापडली गं! कॅनडातून तू लिहिलंस ना, आई गेल्याचं कळल्यापासून तिचा चेहरा आठवायला जातेस आणि तो येतच नाही? तेव्हापासून मला चैन नव्हतं. आता ऐक.

गेल्या सप्टेंबरात मिस्टर पिम घराचा फोटो काढायला आले होते. बाईसाहेबांचा हुकूम होता, नोकरमाणूस खिडकीतसुद्धा दिसता कामा नये. सगळं घराणं पायऱ्यांवर उभं राहिलं. पिम ओरडले, "आता कुणी हलायचं नाही!" नेमकी तेव्हाच आई ओली चादर घेऊन धुण्याच्या खोलीच्या दारात आली. तिला वाटलं, हुकूम सगळ्यांनाच आहे! राहिली की खांबासारखी उभी. तिकडे साहेब शिंकले, बाईसाहेब कुत्र्यावर खेकसल्या, पोरं चुळबुळली. फोटोच्या काचेवर अख्खं घराणं धुरकट, आणि कोपऱ्यात आई लख्ख! बाईसाहेब कडाडल्या, "आमची नाकं गायब, आणि ही धोबीण मिरवतेय!" आई बिचारी मला विचारत राहिली, "हलू नका म्हणाले, मी हलले नाही. माझं काय चुकलं?"

एप्रिलात पिम नवा फोटो काढायला आले. बिघडलेल्या काचा खरवडून पुन्हा वापरतात, हे मला ठाऊक होतं. बादली टाकून धावले. तीच काच त्यांच्या हातात! मी ओरडले, "अहो थांबा, ती माझी आई आहे!" ते वरमले. म्हणाले, "एक प्रत काढून देतो. काच मात्र नव्या फोटोला लागेल, हीच उरलीय." काचेखाली कागद घालून उन्हात ठेवला आणि त्यावर हळूहळू आई उमटली. बाह्या सरसावलेल्या, कपाळावर ती बट. जन्मात कधी इतकी स्वस्थ उभी राहिली होती का गं ती? मी हसत होते आणि रडत होते. मग त्याच काचेवर नवा फोटो निघाला. घराणं अगदी स्पष्ट आलंय, आणि बघणाऱ्याला वाटावं, या घरातल्या चादरी आपोआप धुतल्या जातात.

आता खरं सांगते. याला तीन आठवडे झाले. प्रत एकच, ती मी उशीखाली ठेवली होती. तुला कळवणारच नव्हते. पण मी तिच्याशेजारी बावीस वर्षं कपडे पिळले. डोळे मिटले की मला ती दिसते. तुला दिसत नाही. म्हणून या पत्रासोबत आईला तुझ्याकडे पाठवतेय. पोचली की लगेच कळव.

तुझीच,
हेस्टर