उघडी जागा

३ मार्च
पोचलो एकदाचे! नवं गाव, नवी नोकरी. स्तोइचोकाकांच्या छापखान्यात निधनाची पत्रकं छापायची. इकडे कुणी गेलं की दारांवर, झाडांवर चिकटवतात ना, तीच. माझी सहा वर्षांची बिल्याना मागच्या खोलीत चीज भरलेली बानित्सा खात चित्रं काढतेय. काका म्हणाले, मेलेल्यांच्या जिवावर जगतोय आपण, तेव्हा पोरी, हसून काम कर. आवडला बाई म्हातारा.

५ मार्च
कॉम्प्युटरवरचा फॉर्म म्हणजे डोक्याला ताप. उघडला की पहिली नोंद समोर: काकांची आई, कधीच वारलेली. नवं नाव घालायचं तर पार शेवटाला जा. आज घाईत तिच्यावरच टाइप केलं! नशीब, परत घेता आलं. मग काकांना न विचारता सेटिंगच बदललं. आता फॉर्म उघडतो तो थेट कोरा, नव्या नावासाठी तयार; एक नोंद जतन केली की पुढचा कोरा फॉर्म हजर. आहे की नाही मी हुशार?

८ मार्च
सकाळी फॉर्म कोरा नव्हता. पाववाल्या गेन्चोचं नाव आणि वय भरलेलं. मला वाटलं काकांनी भरलं, त्यांना वाटलं मी. दुपारी गेन्चो भट्टीपुढे कोसळला, तो गेलाच.

१० मार्च
आज फॉर्मवर नेव्हेनाबाई, शाळेतल्या. धावत गेले. दारात बायका रडत होत्या.
काकांना सगळं सांगितलं. ते पांढरेफटक पडले, मग ओरडले, अगं भवाने, खणलेली कबर कुणी रात्रभर मोकळी टाकतं का? वर कुदळ-फावडं आडवं ठेवतात, राखणीला माणूस बसवतात, नाहीतर ती आणखी कुणाला ओढते! आईची नोंद त्यांनी मुद्दाम पुढे ठेवली होती, झाकण म्हणून. आणि मी ते—

११ मार्च
सेटिंग पूर्ववत केलं. ऐकत नाही. वायर उपटली. कॉम्प्युटरचा पडदा तसाच उजळ. काकांनी कीबोर्डवर फावडं आडवं ठेवलं. भीती वाटतेय. बिल्यानाला घेऊन निघणार होते, पण पोरगी तापानं फणफणलीय.

१२ मार्च
वय: सहा. नावाच्या जागी 'बि'. पुसलं की परत उमटतं. देवा, माझी पोर नको—

ठरलं. माणूसच हवा ना? मग मी. पुसून माझं नाव, माझं वय घातलं. नोंद जतन केली.

ताप उतरतोय. हसली माझी बाय. छातीत कळ— असू दे— काका सांभाळतील तिला—

पडदा पुन्हा कोरा. अगं बाई— एक नोंद जतन झाली की पुढचा फॉर्म आपोआप— मीच तसं—

वय: सहा. नाव: बिल्या—