माझ्या तब्येतीवर गल्लीचा डोळा

चि. मुहन्नद यास,

सल्तहून शिहादेमामाचे सलाम आणि पोटभर आशीर्वाद. अम्मानची हवा मानवते ना? आईचे गुडघे कसे आहेत? माझ्या तब्येतीचं म्हणशील, तर ती नक्की कोणाच्या मालकीची आहे हेच मला कळेनासं झालंय, आणि पत्राचं कारणही तेच.

तू ईदला आलास, आमच्या बैठकीत कॉफी पिता पिता तकाफुल विमा समजावून सांगितलास, ते मला पटलं होतं (मामी शेजारीच बसली होती, न पटून सांगतो कोणाला). व्याज नाही, जुगार नाही. सगळ्यांनी एका हंडीत पैसे टाकायचे आणि जो जाईल त्याच्या घरच्यांना त्यातून द्यायचे. इथवर ठीक. पण उठता उठता तू म्हणालास, "आणि वर्षभरात माणसं कमी दगावली, तर शिल्लक सभासदांना परत." हे कशाला बोललास रे? ते ऐकून माझ्यामागोमाग निम्म्या गल्लीने सह्या ठोकल्या. हंडी साऱ्या देशाची आहे, एकट्या आपल्या गल्लीची नाही, हे मी ओरडून सांगतोय, पण ऐकतो कोण!

त्या दिवसापासून गल्लीत कोणालाही मी मेलेला परवडत नाही. बेकरीवाला अदीब इतकी वर्षं पाव देताना मान वर करत नव्हता. आता आधी जीभ दाखवायला लावतो. पुतण्याच्या लग्नात मनसफच्या मटण-भाताच्या परातीभोवती आम्ही सहाजण उभे होतो. मी चरबीच्या तुकड्याला हात घातला, तर पाच हात माझ्या हातावर! भर लग्नात, व्याह्यांसमोर! मी हबकलोच. सगळ्यात छळवादी म्हणजे समोरचा विधुर झुहदी, रोज संध्याकाळी आमच्याकडे पत्ते खेळून जेवून जाणारा. त्याने माझा हुक्का उचलून नेला. परवा गल्लीच्या पायऱ्या चढताना मला जरा दम लागला, तर दंडाला धरून थेट डॉक्टरकडे. मी म्हटलं, "अरे, शिल्लकीसाठी एवढा हावरटपणा?" तो म्हणाला, "बडबडू नकोस, दम लागेल."

साडू फवाजचं बघ. त्याचा साधा आयुर्विमा, मोठ्या कंपनीचा. कंपनी काही त्याच्या ताटात डोकावत नाही. तो तूप ओरपतो आणि वर मला डोळा मारतो. पण त्याच्या बायकोने माझी दशा पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्यालाही तकाफुलात घालायला निघाली. मागोमाग आणखी चौघी. मागणी कशाने वाढते हे शोधायला तुझे विमा कचेरीतले साहेब लोकांचा पगार, शिक्षण, धर्म तपासतात म्हणालास ना? त्यांना कळव, नवऱ्यावर फुकटचा पहारा मिळतो, याने वाढते.

तेव्हा माझं नाव ताबडतोब काढ. मला माझ्या मर्जीने जगायचंय.

तुझा गांजलेला मामा,
शिहादे

ता. क. – नाव एवढ्यात काढू नकोस. तपासणीत हृदयाची एक नळी जवळजवळ बंद निघाली. गुरुवारी उघडणार आहेत. आणखी थोडे दिवस असाच पायऱ्या चढत राहिलो असतो, तर मामीला हंडीतले पैसे मिळाले असते म्हणे. आईला सांगू नकोस.

आणखी एक ता. क. – खरं काम आता लिहितो. काल पत्ते वाटताना मी झुहदीला म्हटलं, "घे, वाचली तुझी शिल्लक." तो म्हणाला, "कसली शिल्लक? मी विमा काढलाच नाही." मी उडालोच. मग माझ्या हुक्क्याशी तुझं काय वैर होतं, असं विचारलं. तर हातातली पानं लावत म्हणतो, "मागे कोणी असलं तर विमा काढायचा. माझ्या मागे कोण आहे?" हे त्याने मला विचारलं, मुहन्नद. मला! माझ्याच घरात बसून, मामीच्या हातचं जेवून! इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तू शुक्रवारी कागद घेऊन ये. वारसांच्या जागी मी, मामी आणि चारही मुली, सगळ्यांची नावं घाल. जागा पुरली नाही तर पुरवणी जोड. सही करायला तो नाही म्हणेल, तर दंड धरून मी करवतो. मला डॉक्टरकडे नेताना त्याने कुठे विचारलं होतं?